गाडींतील सौरवीज : तार आणि फ्यूज



कन्नडहून चाळीसगांवकडे जातांना औट्रम घाटाचीं वळणें लागतात. त्याच डोंगररांगेंत पितळखोऱ्याचीं लेणीं आणि गौताळ्याचें अरण्य आहे. अशा प्रदेशांत सहकुटुंब चार दिवस हिंडावें, मुक्काम गाडींतच करावा, आणि दिवा, पंखा व लहानसा फ्रीज यांना लागणारी वीज छपरावरच्या सौरफलकांपासून घ्यावी, ही हौस आतां पुष्कळांना असते. हौस चांगली आहे. परंतु फलक व बॅटरी यांच्या किंमतीची चौकशी करणारा मनुष्य तारेच्या जाडीची चौकशी क्वचितच करतो, आणि आगीचा धोका तर तेथेंच असतो.

घरांतील बारीक तारेवर ६० वॅटचें उपकरण सुखानें चालतें, मग गाडींत कां चालूं नये, असें वाटणें साहजिक आहे. परंतु घरीं विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, गाडीच्या बॅटरीचा बहुधा १२. वॅटना व्होल्टनीं भागलें म्हणजे प्रवाहाचे अँपियर मिळतात. ६० वॅटला घरीं पाव अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. गाडींत तो ५ अँपियर होतो. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखविल्याप्रमाणें प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. येथें तर प्रवाह १९ पट आहे. तेव्हां त्याच तारेंत उष्णता ३५० पटींहून अधिक होणार!

तारेची जाडी तांब्याच्या छेदावरून, चौरस मिलिमीटरांत सांगतात. समजा, बॅटरीपासून फ्रीज ५ मीटरांवर आहे. प्रवाहाला जाऊन परत यावयाचें असल्यामुळें तार १० मीटर धरावी. हा परतीचा हिशेब पुष्कळ जण विसरतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेंत ५ अँपियरला अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाटेंतच खर्ची पडतो, म्हणजे शेंकडा सुमारें ५. २.५ च्या तारेंत ही घट शेंकडा ३ च्या आंत येते. तेवढी चालण्यासारखी मानतात. म्हणून येथें २.५ ची तार घ्यावी.

आतां फ्यूज. तो उपकरणाच्या रक्षणासाठीं असतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो तारेचा रखवालदार आहे. त्याचा आंकडा नेहमींच्या प्रवाहाच्या सव्वापटीहून कमी नसावा, आणि तारेला जेवढा प्रवाह निर्धोकपणें सोसतो त्याहून अधिक नसावा. ५ ची सव्वापट ६.२५, तेव्हां आपल्या फ्रीजला ७.५ अँपियरचा फ्यूज योग्य. १००० वॅटचा इन्व्हर्टर, त्याची स्वतःची तूट धरून, जवळजवळ १०० अँपियर ओढतो; त्याला १२५ अँपियरचा फ्यूज व ५० चौरस मिलिमीटरची आंखूड तार हवी.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका जवळ बसवावा, कारण त्या दोहोंमधील तारेला कोणी त्राता नसतो. सौरफलकाचीं टोकें एकमेकांना चिकटलीं तरी तो नेहमींपेक्षां थोडाच अधिक प्रवाह देतो. झरा आपल्या बेतानेंच वाहतो. बॅटरी मात्र फुटलेल्या धरणाप्रमाणें शेंकडों अँपियर एका क्षणांत ओतते. म्हणून फलकांची वीज बॅटरींत भरणाऱ्या नियंत्रकाच्या तारेलाही फ्यूज हवा, आणि तोही बॅटरीच्याच टोकाला.

घाटांतील हादऱ्यांनीं एकेरी जाड तार कालांतरानें तुटते. यास्तव अनेक बारीक तारांची लवचिक केबल वापरावी. ती पत्र्याच्या भोंकांतून नेतांना रबराची कडी बसवावी, नाहीं तर पत्र्याची धार वेष्टन कापते. वैशाखांत तापलेल्या छपराखालीं तारेला नेहमींइतका प्रवाह सोसत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

फ्यूज उडाला कीं त्याच्या जागीं जाड तार गुंडाळून काम भागविण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. कोठें तरी प्रवाह अनावर झाला आहे, हें सांगण्यासाठींच फ्यूज उडालेला असतो. कारण न शोधतां मोठा फ्यूज बसविणें म्हणजे रखवालदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून आपण निजणें होय. आधीं उपकरणाचा प्रवाह, मग तारेची लांबी व जाडी, आणि शेवटीं फ्यूज, हा क्रम पाळला म्हणजे गाडींत मुलेंबाळें निर्धास्तपणें झोंपूं शकतील.