एक प्रकल्प, दोन सिद्धांत

आंतरविद्याशाखीयता म्हणजे शाखाशाखांमधील सलोखा, हा समज तौलनिक साहित्याभ्यासातही रूढ आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत १९४९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक प्रशासन विद्यालयाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अर्थशास्त्र, गणित, मानसशास्त्र व संघटनाशास्त्र यांचे अभ्यासक तेथे एकत्र अध्यापन व संशोधन करीत. चार्ल्स होल्ट, फ्रँको मोदिग्लियानी, जॉन म्यूथ आणि हर्बर्ट सायमन या चौघांनी उत्पादन, साठा व मनुष्यबळ यांच्या नियोजनाचे गणित मांडले आणि रंगाच्या एका कारखान्यात ते लावून पाहिले. त्यावरील ग्रंथ १९६० मध्ये निघाला. या चौघांपैकीच म्यूथ यांनी १९६१ मध्ये विवेकाधिष्ठित अपेक्षांचा सिद्धांत मांडला. सायमन यांचे मत मात्र नेमके उलट होते : माणसाची माहिती, वेळ आणि आकलन मर्यादित असल्याने तो सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा पर्याय निवडतो. पुढे सायमन मानसशास्त्र विभागाकडे वळले. १९७८ चे नोबेल मात्र त्यांना मिळाले ते अर्थशास्त्राचेच!

साहित्याभ्यासकांना हे प्रकरण अगदीच परके नाही. १९९४ मध्ये सायमन यांनी बोधनविज्ञानाच्या आधारे साहित्यसमीक्षेचा विचार करणारा दीर्घ निबंध लिहिला. संहितेतील शब्द वाचकाच्या स्मृतीतून जे जागे करतात तो अर्थ, अशी त्यांची मांडणी होती. स्टॅनफर्डच्या मानव्यविद्याविषयक नियतकालिकाने हा निबंध अनेक अभ्यासकांच्या प्रतिसादांसह छापला. त्यांत कठोर आक्षेपही होते. कारखान्यातील मतभेदाला निदान समान सामग्रीचा आधार होता. येथे ‘अर्थ’ या संज्ञेविषयीच उभय पक्षांत एकमत नव्हते.