गोधडीतला भात
3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि कोकणातली अनेक गावं कित्येक दिवस विजेविना राहिली. अशा वेळी इंडक्शन शेगडी निकामी होते आणि सिलिंडर पुरवून वापरावा लागतो.

भाताला मात्र शेवटपर्यंत आच लागतच नाही. तांदळातला स्टार्च साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतो. म्हणून पाच-सात मिनिटं उकळी आली की झाकण घट्ट लावा आणि पातेलं जाड गोधडीत तासभर गुंडाळून ठेवा. पातेलं भरलेलं हवं. थोडका भात लवकर निवतो. आणि तो गरम असतानाच संपवा. कोमट भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वीज नसली की पंपही बंद असेल, तेव्हा पाणी वादळाच्या आदल्या दिवशीच भरून ठेवा.