लेखन शिकायचं, तर पदवी कुठली?

माझ्या भाचीला बारावीनंतर लेखनच शिकायचं आहे. आमच्या बडोद्याच्या घरात लगेच प्रश्न आला, ‘त्यावर पोट भरेल का?’ मी तिला आधी अभ्यासक्रम वाचायला सांगितले. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे. तिथे साहित्य वाचून भाषेचा पाया पक्का होतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी, तर एफटीआयआयमध्ये पटकथालेखन. दोन्हींसाठी आधी पदवी हवीच. म्हणून आधी भाषा, मग कौशल्य, हा क्रम मला पटतो. पालकांनो, प्रवेश घेण्यापूर्वी एवढं जरूर विचारा : मुलांचं लिखाण दर आठवड्याला कोण तपासतं? इंग्रजी माध्यमात वाढलेल्या आपल्या बडोदेकर मुलांची मराठी त्या लाल शाईनेच घडेल, नाहीतर राहून जाईल.