जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे एक लहानसे जुने नगर आहे. तेथील कारखान्यातून १९६२ साली एक ठेंगणी, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार बाहेर पडली. तिचे नाव एम्. जी. बी. त्यातील पहिली दोन अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डमधील मोटारविक्रीच्या व्यवसायावरून आलेली आहेत. शर्यतीच्या थाटाच्या इतर गाड्यांच्या मानाने तिची किंमत बेताची होती आणि चालविण्यास ती मोठी आनंददायक होती. १९८० साली तिचे उत्पादन थांबले आणि ॲबिंग्डनचा कारखानाही बंद पडला. तोपर्यंत तिच्या आणि तिच्या बंद टपाच्या भावंडाच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

त्यांपैकी कित्येक आज कोठारांत आणि पडव्यांत ताडपत्रीखाली पडून असतात. टायर बसलेले, आसनांत उंदरांनी घरे केलेली, रंगाला पोपडे आलेले. अशी गाडी घरी आणावी आणि सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे काम करून ती पुन्हा रस्त्यावर धावती करावी, असा छंद तेथे अनेक कुटुंबांत आढळतो. या कामाला दोन-तीन वर्षे सहज लागतात. काहींना दहाही पुरत नाहीत. गाडी सुटी करणे एका आठवड्याचे काम आहे. ती जोडणे मात्र तसे नाही, आणि म्हणूनच पुष्कळ गाड्या सुट्या झाल्यावर डब्यांतच राहून जातात.

जाणता माणूस पाना हाती घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेतो. प्रत्येक भाग सोडविण्याच्या आधी त्याचे छायाचित्र काढावयाचे, तारांना चिठ्ठ्या बांधावयाच्या, एका ठिकाणचे नट-बोल्ट एकाच डब्यात ठेवून त्यावर नाव लिहावयाचे. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम बहुधा घरातील मुलांकडे येते. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु तीन वर्षांनी हातात एक अनोळखी खिळ उरली, म्हणजे त्या चिठ्ठीचे मोल कळते.

गाडीचा खरा शत्रू म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढू लागतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. मिठाच्या पाण्यातून विजेचे वहन सहज होते आणि गंजण्याची क्रिया ही विद्युत्-रासायनिक असल्यामुळे तिला वेग येतो. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यांत ओल धरून राहते. चाकांनी उडविलेला चिखल पुढच्या पंखांमागील पोकळीत साचतो. बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना आतून पत्र्याची चाळण झालेली असते.

एम्. जी. बी.मध्ये या गंजाचे भय विशेष आहे. तिच्या आधीच्या एम्. जी. ए. या गाडीला खाली पोलादी सांगाडा होता आणि त्यावर वरची काया बसविलेली होती. एम्. जी. बी.ला तसा वेगळा सांगाडा नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून सारी काया उभी केली आहे. टप उघडा असल्यामुळे वरून आधार नाही. पुढचा भाग आणि मागचा भाग यांना जोडून धरण्याचा बहुतेक भार दारांखालच्या दोन उंबरठ्यांवर येतो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्या मध्ये उभा पडदा अशी या उंबरठ्याची रचना असते. हा उंबरठा गंजला म्हणजे गाडी मध्येच खचू लागते.

अशा वेळी उतावीळ माणूस गंजका उंबरठा कापून काढतो आणि नवा बसवू लागतो. येथेच घात होतो. आधार नाहीसा होताच कायेला किंचित बाक येतो आणि त्याच वाकलेल्या स्थितीत नवा उंबरठा वेल्डिंगने कायमचा पक्का होतो. मग दार कधीच नीट मिटत नाही. ही चूक सुधारावयाची तर सारे काम पुन्हा कापावे लागते. म्हणून आधी गाडी लोखंडी घोड्यांवर समपातळीत ठेवतात, दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल आडवे जोडून तिला आवळून धरतात आणि मगच एका वेळी एकच बाजू कापतात. नवा पत्रा प्रथम थोड्या थोड्या अंतरावर टाचतात, दार बसवून त्याच्या कडेची फट पाहतात, पुन्हा दार काढतात. वीस वेळा दार लावले आणि काढले तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये.

वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर नेलीच पाहिजे. रिकामी टाकी निरुपद्रवी वाटते; वस्तुतः तीत उरलेली वाफ हवेत मिसळलेली असल्यामुळे एका ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो.

काया दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर आणखी एक मार्ग आहे. जुन्या कारखान्याचे पत्रे दाबण्याचे मूळ साचे शोधून काढून एका ब्रिटिश संस्थेने १९८८ पासून एम्. जी. बी.ची संपूर्ण नवी काया तयार करण्यास आरंभ केला. ही मोठी सोय झाली. परंतु सारी कायाच नवी घातल्यावर ती गाडी जुनी म्हणावी काय, हा वाद हौशी लोकांत अद्याप रंगतो. आणि तो अगदीच पोरकट नाही.

इंजिनाचे काम त्या मानाने सुखाचे असते. साखळीच्या कप्पीने उचलून बाहेर काढलेले हे १,७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आणि दणकट असते. क्रँकशाफ्टचे गोल भाग झिजून किंचित लंबवर्तुळाकार झाले आहेत काय, हे मायक्रोमीटरने मोजतात. झीज आढळली तर तो भाग यंत्रशाळेत पाठवून इंचाच्या शंभराव्या भागाने घासून घेतात आणि त्या मापाचे जाड बेअरिंग बसवितात. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत असत व त्यामुळे झडपांच्या बैठकांचे रक्षण होई. ब्रिटनमध्ये २००० सालाच्या आरंभापासून अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. म्हणून आता तेथे अधिक कठीण धातूच्या बैठका बसवून घेतात. विजेच्या जोडणीतही एक खोच आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. सवयीने ऋण टोक जोडणारा माणूस नुकसान करून घेतो.

सर्वांत कसोशीने करावयाचे काम म्हणजे ब्रेक. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगून बंद झालेल्या असतात. त्या सरळ फेकून द्याव्यात. पायाचा दाब चाकांपर्यंत द्रवामार्फत पोहोचतो, कारण द्रव दाबला जात नाही. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पायपट्टी मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. म्हणून एकाने पायपट्टी दाबावी आणि दुसऱ्याने चाकाजवळचा लहान पेच सैल करून हवा बाहेर सोडावी. हे दोघांचे काम आहे, आणि या वेळी मुलांना पायपट्टीवर बसण्याचा मान मिळतो.

शेवटी इंजिन सुरू होते. आता दोन कार्ब्युरेटर जुळवावयाचे. एका भाग पेट्रोलास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते आणि दोन्ही कार्ब्युरेटरांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी रबरी नळीचा एक तुकडा पुरतो. तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरले की हवेचा सूं सूं आवाज ऐकू येतो. एकाचा आवाज मोठा, दुसऱ्याचा बारीक. पेच थोडा फिरवावा, पुन्हा ऐकावे, पुन्हा फिरवावा. दोन्ही आवाज एकसारखे झाले म्हणजे इंजिनाची धडधड शांत होते. मग पडवीचे दार उघडतात आणि गाडी अगदी सावकाश गल्लीत नेऊन प्रथम तिचा ब्रेक दाबून पाहतात.