सांगलीची सई: या गोजिरवाण्या घरात ते मिमी

सई ताम्हणकरचा जन्म २५ जून १९८६ चा, सांगलीचा. मुंबई गाठण्याआधी तिने मैदान गाजवलं होतं. राज्य पातळीपर्यंत ती कबड्डी खेळली. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्र कुस्ती दंगलमध्ये ‘कोल्हापुरी मावळे’ संघाची मालकी तिने घेतली, तेव्हा आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांना केवढा आनंद झाला!

सुरुवात छोट्या पडद्यावर. ‘या गोजिरवाण्या घरात’, ‘अग्निशिखा’, ‘साथी रे’, ‘कस्तुरी’ अशा मालिका केल्या आणि २००८ मध्ये ‘सनई चौघडे’मधून ती मराठी चित्रपटात आली. ‘नो एंट्री पुढे धोका आहे’मधल्या बिकिनीचीच चर्चा लोकांनी जास्त केली. अभिनेत्री म्हणून तिची खरी ओळख पटली ती २०१३ च्या ‘दुनियादारी’तल्या शिरीनमुळे.

मग ‘मिमी’. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटावर बेतलेला हा २०२१ चा हिंदी चित्रपट. त्यात मिमीच्या पाठीशी ठाम उभी राहणारी शमा सईने साकारली. क्रिती सॅनन, पंकज त्रिपाठी समोर असूनही नजर तिच्यावर खिळते. सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर आणि आयफा, दोन्ही पुरस्कार तिलाच मिळाले.

 

सईचं काम पहिल्यांदाच बघणार असाल, तर ‘दुनियादारी’नंतर लगेच ‘मिमी’ लावा.