अवघड हत्याराची ओढ

संगणकावरचे काम सोपे करणारी साधने आज पुष्कळ आहेत. तरीही जाणकार माणसे मुद्दाम अवघड साधनाकडे का वळतात? माझ्या प्रोग्रामर भाच्याकडे 'विम' नावाचे मजकूर-दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पाहिले आणि मला हा प्रश्न पडला. पडद्यावर ना बटणे, ना चित्रे. उघडून सरळ टाइप करू लागलात, तर भलतेच काहीतरी घडते.

त्याचे मूळ 1976 सालात आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिले. त्यांच्या घरचा मोडेम सेकंदाला जेमतेम 30 अक्षरे पाठवी. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा पडदा भरायला मिनिटभर लागे. म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या.

'डी' म्हणजे काढा, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. दोन्ही लागोपाठ दाबले की एक शब्द गेला. मध्ये 3 घातला की तीन गेले. 'सी' म्हणजे बदला. क्रियापद, संख्या, नाम; हे तर व्याकरणच झाले! दहा क्रियापदे आणि दहा नामे आली की शंभर वाक्ये बोलता येतात. बटणे पाठ करावी लागतात, भाषा मात्र अंगात मुरते. तिची ओढ आहे ती याचसाठी.

आणखी एक गंमत. विम उघडते ते लिहिण्यासाठी नव्हे, दुरुस्तीसाठी. लिहायचे तर आधी 'आय' दाबायचे. कवी म्हणून मला हे पटले. कविता लिहिण्यापेक्षा खोडण्यातच वेळ अधिक जातो.

मग सर्वांनी हे शिकावे का? मुळीच नाही. महिन्यातून एक अर्ज लिहिणाऱ्याला सोपे साधनच हवे. तो त्याचा हक्क आहे. पण रोज आठ तास तेच काम करणाऱ्याला सोपेपणाच्या नावाखाली कायमचे नवशिके ठेवणे हाही अन्यायच. सतारीला पडदे अवघड आहेत म्हणून कुणी ते काढून टाकत नाही.

1991 साली विम आणले हॉलंडच्या ब्रॅम मोलेनार यांनी, आणि 2023 मध्ये मृत्यू होईपर्यंत ते सांभाळले. किंमत काहीच नाही. विनंती एकच: युगांडातील किबाले येथील गरजू मुलांना जमेल ती मदत करा. शिकणाऱ्याकडून एवढी मेहनत मागणारे हे साधन स्वतःसाठी पैसा मात्र मागत नाही.