विश्लेषण : ब्रिटनच्या राजवाड्यात भारतीय सैनिकांचे रुग्णालय कशासाठी?

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत लढताना जखमी वा आजारी झालेल्या हजारो भारतीय सैनिकांना इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकिनारी शहरात आणले गेले. तेथे त्यांची बडदास्त उत्तम ठेवली गेली. मात्र त्यांची मुख्य मागणी वेगळीच होती.

राजवाडाच का?

घुमट आणि मनोरे असलेला ‘रॉयल पॅव्हेलियन’ बाहेरून भारतीय वास्तूसारखा दिसतो. डिसेंबर १९१४ मध्ये येथे रुग्णालय सुरू झाले. राजाने आपला महाल सैनिकांसाठी रिकामा केला, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात ही वास्तू १८५० मध्येच ब्रायटन शहराने विकत घेतली होती. शहरातील तिन्ही रुग्णालयांत मिळून सुमारे १२ हजार भारतीयांवर उपचार झाले.

तेथील दिनक्रम कसा होता?

गोळीच्या जखमांबरोबरच हिमदंश आणि छातीचे विकार घेऊनही रुग्ण येत. जात-धर्माचे नियम पाळून स्वयंपाक व्हावा म्हणून पॅव्हेलियनमध्ये नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुस्लिमांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. सूचना उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत लिहिलेल्या असत. शिखांसाठी आवारातच तंबूत गुरुद्वारा होता.

मग नाराजी कशाची?

शहरात मोकळेपणाने फिरण्यावर निर्बंध होते. ‘किचनर रुग्णालया’त तर तारेचे कुंपण आणि पहारा होता. घरी जाणारी पत्रे लष्करी अधिकारी वाचत. त्यामुळे काही जण सांकेतिक भाषा वापरत. ‘काळी मिरी’ म्हणजे भारतीय सैनिक आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे सैनिक. पण सर्वांत मोठी धास्ती होती, ती बरे होण्याचीच. कारण जखम भरली की पुन्हा खंदकात पाठवणी ठरलेली.

राजापर्यंत हे पोहोचले का?

ऑगस्ट १९१५ मध्ये जमादार मीर दस्त यांना पंचम जॉर्ज यांच्या हस्ते याच आवारात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यप्रच्या लढाईत त्यांना विषारी वायूची बाधा झाली होती. एकदा जखमी झालेल्याला पुन्हा आघाडीवर धाडू नये, अशी विनंती आपण राजाला केल्याचे त्यांनी पत्रात लिहिले. १९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवले गेले, पण घरी नव्हे. बहुतांश तुकड्या मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेल्या. १९१६ च्या सुरुवातीला पॅव्हेलियनमधील भारतीयांचे रुग्णालय बंद झाले.

जे परतले नाहीत, त्यांचे काय?

दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर ब्रायटनजवळच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तेथे १९२१ मध्ये संगमरवरी ‘छत्री’ उभारली गेली. मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले.